सातवा आकडा

शाळा उघडायच्या दिवशी हातचाबाईंना सगळ्यात आधी आठवण व्हायची ती आपल्या टाचांची. सुट्टीभर गप्प बसलेल्या टाचा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बोलायला लागत आणि मग वर्षअखेरीपर्यंत त्यांचं तोंड मिटत नसे. यंदाही तेच. बाई कठड्याला धरून वर आल्या, सहावीच्या दाराशी थांबल्या, आतला कालवा ऐकला आणि स्वतःशीच म्हणाल्या, घ्या, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अठ्ठाविसावं वर्ष होतं त्यांचं.

आता हातचाबाई हे काही नाव झालं का? पण बेरीज शिकवताना 'हातचा विसरलात की सगळं गेलं' हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत, की कुठल्याशा वर्षीच्या मुलांनी ते नाव त्यांना चिकटवून टाकलं. मुलं गेली, नाव राहिलं. पुढे पुस्तकं बदलली, काळ्या फळ्याच्या जागी पांढरा आला, खडू जाऊन पेन आलं, तरी बाई आपल्या हातचाबाईच. त्यांनाही ठाऊक होतं. ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं दाखवायची सवय शिक्षकाला लावूनच घ्यावी लागते.

गणिताचा पहिला आठवडा कसा असतो, हे गणित शिकवणाऱ्यालाच माहीत. पाचवीच्या शेवटी ज्या पोराने तेराचा पाढा घडाघडा म्हणून दाखवलेला असतो, तेच पोर सुट्टीनंतर सात आठेला अडतं आणि छताकडे बघत बसतं. अपूर्णांकांचं नाव काढलं की अर्धा वर्ग शपथेवर सांगतो, बाई, ते आम्हाला नव्हतंच. आणि आपल्या आकड्यांच्या नावांनी तर नाकी नऊ येतात. 'एकोणतीस' ऐकलं की निम्मी मुलं बिनदिक्कत ३९ लिहितात. कानाला 'तीस' ऐकू येतं, पुढचं 'एकोण' म्हणजे नऊ असणार असं डोक्यात बसलेलं असतं, झालं, मांडले तिनावर नऊ. अरे बाबांनो, एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, हे बाईंनी आजवर इतकं सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. मुलांवर त्या चिडत नसत. थकवा यायचा तो दरवर्षी त्याच पायरीवर येऊन उभं राहायचा. मुलं पुढे जातात, दाढीमिशा फुटून रस्त्यात भेटतात, आणि आपण आपल्या सहावीच्या पहिल्या आठवड्यात.

या शाळेत सहावीचं वर्ष उजळणी चाचणीने सुरू व्हायचं. गुण वीस. दहा आकडे बाईंनी तोंडी सांगायचे, मुलांनी ते अंकांत लिहायचे. उरलेली दहा गणितं कागदावर छापलेली. बारा किंवा जास्त गुण मिळाले तर अ तुकडी, कमी पडले तर ब. दोन्ही तुकड्या सारख्याच, असं पालकांच्या सभेत दरवर्षी सांगितलं जाई आणि पालकही माना डोलावत. पण अ ला गणित दुसऱ्या तासाला असे, आणि ब ला शेवटच्या, मुलं खेळून घामाघूम होऊन आल्यावर, तेही जो शिक्षक रिकामा सापडेल त्याच्याकडून. एकदा ब मध्ये गेलेलं मूल आठवीपर्यंत ब मध्येच राहायचं. तिथून अ मध्ये आलेली मुलं बाईंना एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि तरी बोटं उरली असती.

बाईंचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी आठवीचं गणित त्यांच्याकडे असायचं. दोन वर्षांपूर्वी समीकरण सोडवताना त्यांच्या हातून फळ्यावर उणे चिन्ह राहिलं, एका पालकाने वहीचं पान घेऊन तक्रार केली, आणि मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, "तुमचा भार जरा हलका करते" असं गोड बोलून आठवी काढून घेतली. मागच्या वर्षी निकालपत्रात त्यांची एक बेरीज चुकली, तेव्हा तसंच गोड बोलून सातवीचा भारही उतरवला. राहिली होती एकटी सहावी अ. निवृत्तीला दोन वर्षं होती. ही दोन वर्षं तरी धड वर्गात जावीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊ नयेत, एवढंच बाईंना हवं होतं.

बुधवारी सभागृहात सगळी सहावी खाली बसवली आणि चाचणी सुरू झाली. पटावर सत्तर नावं होती. त्यातलं एक मूल दुसऱ्या शाळेत गेलेलं, पण नाव अजून कमी व्हायचं होतं. बाईंनी पहिले सहा आकडे सांगितले. प्रत्येक आकडा दोनदा, सावकाश, ही त्यांची पद्धत. सहावा झाला आणि दारात शिपाईदादा कागद घेऊन उभे. हजर किती, ऑफिसात आत्ता हवेत. बाईंनी पटावर नजर टाकली, सत्तरातून एक वजा केला, "एकोणसत्तर" म्हणाल्या, कागदावर सही केली, दादा गेले. मग त्यांनी हातातल्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवलं आणि मुलांना सातवा आकडा सांगितला.

एकोणसत्तर कागद तपासायला त्यांना बुधवारची संध्याकाळ आणि सगळा गुरुवार लागला. दुसऱ्या गठ्ठ्यानंतर माणूस तपासत नाही, लाल पेनच तपासतं. शेजारी उत्तरं ठेवलेली, सातव्याला ७९, म्हणजे ७९ दिसलं की बरोबर, ६९ दिसलं की फुली. फुल्या जरा जास्त पडताहेत असं एकदा वाटलं त्यांना. सुट्टीत विसरली कार्टी, म्हणून त्या पुढे गेल्या. शुक्रवारी सकाळी यादी मोठ्या बाईंकडे पोचली आणि त्यावर सहीही झाली. अ मध्ये एकोणचाळीस, ब मध्ये तीस. सोमवारी ती फलकावर लागायची होती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला बाईंनी मुलांना कागद बघायला दिले. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, एक मुलगी मात्र टेबलाशी येऊन उभी राहिली. यंदाच नवी आलेली. कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या मावशीकडे राहणारी, हडकुळी, बोलायला कमी. लिहायची, खोडायची, फुंकर मारायची, पुन्हा लिहायची, म्हणून पहिल्याच दिवशी वर्गाने तिचं 'खोडरबर' करून ठेवलं होतं. तिच्या आधीच्या शाळेत अपूर्णांक झालेच नव्हते, त्यामुळे छापील गणितांत तिला दोनच गुण होते. तोंडी आकड्यांत नऊ. एकूण अकरा. एका गुणाने ब.

"बाई, सातवा आकडा कोणता होता?"

"एकोणऐंशी."

"तुम्ही एकोणसत्तर म्हणालात."

बाईंचा पारा चढला. टाचा ठणकत होत्या, चहा गार झाला होता, आणि अकरा वर्षांची पोर त्यांना आकडे शिकवत होती. त्यांनी तिला सुनावलं, की अठ्ठावीस वर्षं त्या हेच आकडे सांगत आल्या आहेत, आणि लक्ष देऊन ऐकलं की नीट ऐकू येतं. मुलगी "हो बाई" म्हणाली. रडली नाही, वाद घातला नाही. कागद होता त्याच घडीवर दुमडला, टेबलावर ठेवला आणि गेली. तिने हुज्जत घातली असती तर बाईंना सोपं झालं असतं. तो 'हो बाई' मात्र त्यांच्याबरोबर जिना उतरला आणि घरापर्यंत आला.

घरी त्यांचे यजमान खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम केलेला माणूस, आता डोळे अधू झाले तरी औषधाच्या बाटलीवरच्या चुका काढणारा. बाईंनी चहा टाकता टाकता त्यांना सगळं सांगितलं, अर्थात आपल्या बाजूने. पोरी किती आगाऊ झाल्यात हल्ली, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की छापखान्यात आकडा कधी नावाने वाचू देत नसत. एक जण वाचणार, दुसरा तपासणार, पण वाचायचं ते सुटंसुटं, सात-नऊ, सहा-नऊ. एकोणने भल्याभल्यांना खड्ड्यात घातलं होतं.

"मी त्या भल्याभल्यांतली नाही," बाई म्हणाल्या.

"नसशील. पण मला सांग, सातव्याच्या आधी काय झालं होतं?" कपबशी पुढे ओढून घेत ते म्हणाले, "चूक बघायची तर वरच्या ओळीत बघावी. चूक नेहमी वरूनच खाली उतरते."

आधी काय होणार, सहावा आकडा, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. दारातले शिपाईदादा आठवले. हजर किती? एकोणसत्तर. तोच आकडा जिभेवर बसून राहिला होता, आणि बोट ७९ वर ठेवून त्यांनी तोच पुन्हा सांगितला होता. दोनदा, सावकाश, आपल्या पद्धतीप्रमाणे.

खात्री करायला हवी होती. त्यांनी चहा तसाच ठेवला, पिशवीतून गठ्ठा काढला आणि जेवणाच्या टेबलावर दोन ढीग करायला घेतले. सातव्याला ६९ लिहिणारे इकडे, ७९ लिहिणारे तिकडे. इकडे एकतीस कागद झाले, तिकडे एकोणतीस. नऊ जणांनी भलतंच काहीतरी लिहिलं होतं किंवा जागा कोरी सोडली होती. मग त्यांनी तिसरा आकडा पाहिला. तिसरा होता एकोणतीस. इकडच्या ढिगात सगळ्यांनी २९ लिहिलं होतं, एकूण एक. तिकडच्या ढिगात चोवीस जणांनी ३९. म्हणजे ज्यांना 'एकोण' समजत नव्हतं, त्यांनी एकोणसत्तर ऐकून सातावर नऊ मांडले होते, आणि बाईंनी त्यांना बरोबर दिलं होतं. ज्यांना समजत होतं त्यांनी ऐकलं ते चोख लिहिलं, आणि त्यांच्यावर फुली. त्या एकतिसांतल्या तिसांना काही फरक पडत नव्हता, एक गुण गेला तरी ते जिथे होते तिथेच राहणार होते. एकट्या खोडरबरला पडत होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका शब्दासाठी त्यांनी अठ्ठावीस वर्षं घसा कोरडा केला, तोच शब्द ज्या पोरीला बरोबर येत होता, तिला त्यांनी लक्ष देऊन ऐक म्हणून दटावलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. यजमानांनी हलकेच विचारलं, सही झालीय ना यादीवर? बाई म्हणाल्या, झालीय. आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलंय? नाही आलेलं. आणि तिची मावशी शाळेत भांडायला येण्यातली आहे? दिवसाला शंभर कपड्यांना इस्त्री करते ती, कुठून येणार?

"सहावी जाईल तुझी," ते म्हणाले.

"जाईल."

शनिवारी अर्धी शाळा. बाई गठ्ठा घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पण स्वभावाने वाईट नव्हत्या. टेबलावर वेळापत्रकाचे चिकटवलेले, खोडलेले, पुन्हा चिकटवलेले कागद पसरले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. शाळा उघडली की दमणारी माणसं काही सहावीतच असतात असं नाही. त्यांनी दोन्ही ढीग पाहिले, तिसरा आकडा पाहिला, सातवा पाहिला. त्यांना समजलं, लगेच समजलं. आणि मग त्या बाईंना समजावू लागल्या. एका गुणाने काय बिघडतं, ब मध्येही पुस्तक तेच आहे. आज यादी बदलली तर सोमवारी सत्तर पालक आपापल्या पोराचा कागद घेऊन दारात उभे राहतील. ज्यांना ७९ चा गुण मिळालाय, त्यांच्यातले दोघे बारावर अडकून अ मध्ये आलेत, त्यांचं काय करायचं? आणि हे सगळं संस्थेच्या कानावर गेलं, तर आधीच्या दोन गोष्टी आहेतच कागदावर.

"तुम्हीच विचार करा, बाई. कुणी तक्रार केलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

हातचाबाई उभ्याच होत्या. बसल्या तर उठवणार नाही, असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांना हो म्हणायचं होतं. घरी जाऊन टाचा गरम पाण्यात सोडायच्या होत्या, आणि सोमवारी आपल्या पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहून भागाकार सुरू करायचा होता.

"ती चुकली नाही," त्या म्हणाल्या. "मी चुकले. त्या दोघांना राहू द्या अ मध्ये, माझ्या चुकीचा भुर्दंड त्यांना नको. पण हिला तिथे बसवा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लेखी द्यावं लागेल, म्हणाल्या. लेखी दिलं की पुढचं माझ्या हातात राहत नाही, हेही म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडूनच कोरा कागद मागून घेतला. चार ओळींचं काम. तिसऱ्या ओळीत एकोणऐंशी आणि एकोणसत्तर दोन्ही आकडे लिहायचे होते. ते त्यांनी नावाने लिहिले नाहीत, अंकांत लिहिले, आणि पुन्हा एकदा बोट ठेवून वाचून पाहिले.

सोमवारी फलकावर नवी यादी लागली. अ मध्ये चाळीस, ब मध्ये एकोणतीस. शेजारी नवं वेळापत्रक. सहावी अ, गणित, दुसरा तास: नवे सर. सहावी ब, गणित, शेवटचा तास: आणि पुढे बाईंचं नाव. जो शिक्षक रिकामा सापडेल, तो आता कायमचा सापडला होता. शिक्षकांच्या खोलीत एकाने न विचारता चहा आणून पुढ्यात ठेवला, त्यावरून बाईंना कळलं की सगळ्यांना कळलंय.

खोडरबर जिन्यात भेटली. दप्तर पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी. तिने यादी वाचली होती आणि वेळापत्रकही वाचलं होतं.

"बाई, तुम्ही आम्हाला नाही?"

"नाही. नवे सर आहेत. अपूर्णांक छान शिकवतात, जे येणार नाही ते विचारत जा."

मुलगी हलली नाही. बुटाच्या टोकाने पायरी घासत राहिली, आणि मग खालीच बघत म्हणाली, "मी विचारलं म्हणून झालं ना हे?"

अठ्ठावीस वर्षांत असा प्रश्न बाईंना कुणी केला नव्हता, आणि त्याचं उत्तर मागच्या पानावर कुठे छापलेलं नव्हतं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, टाचांसाठी आणि तिच्या तोंडाकडे बघता यावं म्हणूनही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू विचारलं नसतंस, तर सगळी बेरीजच चुकीची राहिली असती. हातचा मी विसरले होते. तू आठवण केलीस. शुक्रवारी मी तुला ओरडले, ते माझं चुकलं." मग कठडा धरून उठत, "आता पळ. दुसरा तास आहे तुमचा."

ती पळाली नाही, पण गेली.

शेवटचा तास. सहावी ब ची खोली तळमजल्यावर, पंप बसवलाय त्याच्या शेजारी. इथे अजून काळा फळा होता आणि खडूची पेटी. मुलं मैदानावरून आलेली, केस ओले, निम्मी बाकांवर डोकं टेकून पडलेली. जिना चढायचा नव्हता एवढं एक बरं होतं. बाईंनी हजेरी घेतली, सगळे हजर होते. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पहिल्या बाकावरच्या एका गोबऱ्या पोरीला वर्गातली मुलं मोजून आकडा फळ्यावर लिहायला सांगितला. तिने बाकांमधून फिरून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं. "एकोणतीस," ती ठणकावून म्हणाली, आणि फळ्यावर जाऊन तेवढंच ठणकावून लिहिलं, ३९.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग उरलेली दहा जणं कुठे आहेत?"

वर्गाने इकडे तिकडे पाहिलं. एकाने उगाच बाकाखाली डोकावलं, तेव्हा हसू फुटलं आणि पडलेली डोकी वर आली. बाईंनी तिला पुन्हा मोजायला लावलं, या वेळी सगळ्या वर्गाने मिळून मोठ्याने. अठ्ठावीस, एकोणतीस, आणि माणसं संपली. पुढे काय आलं असतं? तीस. मग किती कमी पडले? एक. पोरगी फळ्याशी गेली. मग तिने हाताच्या तळव्याने तीन पुसला आणि तिथे दोन लिहिला.

"म्हणजे तिसात एक कमी," ती म्हणाली, जणू तिनेच ते शोधून काढलं होतं. मग वळून तिने विचारलं, "पण बाई, शुक्रवारी सगळे म्हणत होते, ब मध्ये तीस आहेत. तो एक कुठे गेला?"

"अ मध्ये गेला."

"परत येईल?"

"नाही यायचा," बाई म्हणाल्या, आणि खडू उचलला. "चला, वह्या काढा. आकडे सांगते. आणि मी चुकले वाटलं, तर लगेच हात वर करायचा."